भालजींचा संच आधी की ‘कुंकू’? डिस्कवर काय यावं

रीळवाला
२०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला ‘शोले’ची दुरुस्त प्रत दाखवली. तेव्हापासून आपल्यात एकच विषय: डिस्क कधी येणार, सेन्सॉरनं बदलायला लावलेला मूळ शेवट त्यात असणार का. येऊ दे, मीही घेणार. पण खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक उभारणाऱ्या आपल्या कोल्हापुरानं स्वतःसाठी काही मागायचं की नाही?

माझी मागणी: भालजी पेंढारकरांचे चार सिनेमे एका संचात, ब्लू-रेवर. ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५), ‘तांबडी माती’ (१९६९). निगेटिव्हवरून, नाहीतर हाताला लागेल त्या सगळ्यात चांगल्या प्रिंटवरून. व्हीसीडीवरून ओढलेलं ब्लू-रेच्या डबीत घालून विकणार असाल तर नको.

माझ्याकडं ‘साधी माणसं’ची व्हीसीडी आहे. ‘ऐरणीच्या देवा’ लागलं की भट्टीचा उजेड तोंडावर पडतो, आणि तिथंच चित्राचे चौकोन चौकोन होतात. जयश्री गडकरांचा चेहरा म्हणजे पाचगावातल्या प्लॉटांचा नकाशा!

पिक्चरवेडा
नाद खुळा मागणी! पण भावा, घेणार कोण? तुझ्या गल्लीत प्लेअर किती घरांत आहे मोज. माझ्या पोरानं परवा डिस्क हातात घेऊन केस विंचरले. यूट्यूबवर फुकट दिसतंय, लोकं तेच बघणार. दीड-दोन हजाराचा संच काढून पन्नास जणांनी घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याचे फोटो बघायचे, हा हौशी लोकांचा खेळ आहे.

शाहूपुरी पाचवी गल्ली
२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आमच्या खालच्या खोलीत कमरेएवढं होतं. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं. डब्यांतले कागद लगदा झालेले, चिखलाचा वास. डिस्का नळाखाली धुतल्या, आईच्या जुन्या सुती लुगड्यावर पसरून वाळवल्या. दोन-तीन सोडल्या तर सगळ्या लागल्या. त्याच कपाटात खालच्या कप्प्यात हार्ड डिस्क होती, पाच वर्षं जमवलेलं सगळं तिच्यावर. ती गेली ती गेलीच. यूट्यूबवरचं कोण कधी काढून टाकेल ते तर आपल्या हातातच नाही. एवढंच सांगायचं होतं, चालू द्या.

पुण्यातला कोल्हापुरी
भालजींबद्दल आदर आहेच. पण एकच मागायचं असेल तर ‘कुंकू’ (१९३७). शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. जे ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यावरचं. आता ऐका. मी एक डीव्हीडी घेतली होती, कंपनीचं नाव घेत नाही. जुन्या ध्वनिपट्टीची खरखर काढायची म्हणून त्यांनी आवाज इतका घासलाय की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही गेली. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या पोरीच्या त्या घरात घड्याळच मुकं! वर चौकोनी चित्र रुंद टीव्हीसाठी ताणलेलं, सगळी माणसं बुटकी. हा अन्याय आधी दुरुस्त व्हावा.

रीळवाला
‘कुंकू’ पुण्यात झाला, दादा. तो काढणारी प्रभात फिल्म कंपनी १९३३ लाच तिकडं गेली.

पुण्यातला कोल्हापुरी
गेली, पण माणसं कुठली? दामले, फत्तेलाल, शांताराम, सगळे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली कोल्हापुरात तयार झालेले. कंपनी १९२९ ला कोल्हापुरातच निघाली. हवं तर ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) घ्या, तो तरी कोल्हापुरातलाच म्हणाल ना.

पिक्चरवेडा
मग माझंबी एक मत: बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’, १९२५ चा. 😄

बिंदू चौक
तो मूकपट आता कुठून आणणार? हाच माझा मुद्दा आहे. तुम्ही सगळे डबीच्या रंगावर भांडताय आणि आत घालायचं काय, याची कुणाला काळजी नाही. १९४८ च्या दंगलीत भालजींचा स्टुडिओ पेटवला, ‘मीठभाकर’ त्यांना पुन्हा काढावा लागला. २००३ च्या जानेवारीत पुण्यात प्रभातच्या जुन्या गोदामातली नायट्रेटची रिळं जळाली. नायट्रेट पेटतं, त्यानंतरची ॲसिटेटची फिल्म पेटत नाही, पण दमट हवेत सडते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, आणि तो आला म्हणजे उशीर झालेला असतो. ‘शोले’च्या मूळ निगेटिव्हचीही तीच गत झाली होती. आणि आपली कोल्हापुरातली चार महिन्यांची ओल! पैसे असतील तर आधी स्कॅनिंग करा. डिस्क हा शेवटचा लाड.

रीळवाला, हक्कांचंही बघा. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं. म्हणजे प्रभातचं सगळं मोकळं झालं आहे. पण गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ‘ऐरणीच्या देवा’ खेबुडकरांचं, ते २०११ साली गेले. सिनेमा मोकळा झाला म्हणून गाणं मोकळं होईलच असं नाही.

रीळवाला
ताई, स्कॅनिंग आधी हे शंभर टक्के मान्य. पण स्कॅन करून ठेवतात कुठं? कपाटात. आधी डबा कपाटात होता, आता फाइल. सत्यजित रायांच्या ‘पथेर पांचाली’चं बघा. १९९३ ला लंडनच्या आगीत निगेटिव्ह होरपळलं. त्यातलं जे वाचलं ते बोलोन्याच्याच लॅबनं महिनोन् महिने हातानं सांधलं, आणि २०१५ ला अपूचे तिन्ही सिनेमे डिस्कवर आले. मी अमेरिकेहून मागवले. ब्लू-रेला देशांप्रमाणे विभाग असतात; ती डिस्क ए विभागाची, आपला सी, म्हणून प्लेअरही वेगळा घ्यावा लागला. बायको अजून त्या बिलावर बोलते. पण दुर्गा आणि अपू रेल्वे बघायला धावतात तेव्हा काशाच्या फुलांचे तुरे एकेक मोजून घ्या! कुणीतरी विकत घेणार आहे हे माहीत असलं की त्या कामाला पैसा लागतो. फुकट बघणाऱ्यासाठी कोण सांधत बसतंय?

पिक्चरवेडा
अमेरिकेच्या कंपनीला जग गिऱ्हाईक आहे. भालजींच्या संचाला सांगली, सातारा, बेळगाव. आणि इंग्रजी उपशीर्षकं नसतील तर तेवढंच.

रीळवाला
मग उपशीर्षकं घाला की! फुकट करून देतो मी. ‘तांबडी माती’तला लाल मातीचा आखाडा गोऱ्याला समजावून सांगायला मोतीबाग तालमीतला पैलवानबी आणतो.

बिंदू चौक
उपशीर्षकं करायची तर संवाद उतरवून घ्यावे लागतील. ‘साधी माणसं’चे मी घेते. पण तुमच्या त्या चौकोनवाल्या व्हीसीडीवर ऐकू तरी नीट येतं का?

रीळवाला
पहिल्या डिस्कवर येतं. दुसरी मध्येच अडकते.

शाहूपुरी पाचवी गल्ली
दुसरी माझ्याकडं आहे. पुरातली, पण चालते. रविवारी आणून देतो.