कस्टम एलिमेंटमधला त्रुटीसंदेश दिसत नाही आणि फॉर्मही सबमिट होत नाही

प्रश्न

नमस्कार. एका पतसंस्थेच्या मराठी संकेतस्थळासाठी पत्त्याचा फॉर्म तयार करतो आहे. त्यात ‘पिन-कोड’ नावाचे कस्टम एलिमेंट (स्वतः बनवलेला एचटीएमएल टॅग) लिहिले असून त्याच्या शॅडो डॉममध्ये (बाकीच्या पानापासून वेगळ्या ठेवलेल्या आतल्या भागात) एक साधा इनपुट आणि त्याखाली संदेशासाठी रिकामा परिच्छेद ठेवला आहे. एलिमेंट फॉर्मचा भाग धरले जावे म्हणून ‘फॉर्मअसोसिएटेड’ ट्रू केले आहे, आणि ‘अटॅचइंटर्नल्स’मधून मिळालेल्या ऑब्जेक्टवर ‘सेटव्हॅलिडिटी’ला ‘व्हॅल्यूमिसिंग’ हा फ्लॅग व ‘पिन कोड लिहा’ हा संदेश देतो. तरीही क्रोममध्ये सबमिट दाबल्यावर फॉर्म जात नाही आणि ब्राउझर फील्डजवळ दाखवतो तो संदेशाचा फुगाही दिसत नाही; फक्त कन्सोलमध्ये, अवैध कंट्रोलवर फोकस नेता येत नाही, अशा अर्थाची ओळ उमटते.

खरे तर मला तो फुगा नकोच आहे, संदेश फील्डखालीच मराठीत दिसायला हवा. शेजारच्या साध्या इनपुटला मात्र पानाची भाषा मराठी नोंदवलेली असूनही ब्राउझर इंग्रजीत संदेश दाखवतो. हे दोन्ही कसे सोडवावे?

प्रतिसाद १

कन्सोलमधल्या ओळीतच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ब्राउझरच्या दृष्टीने फॉर्मचा कंट्रोल म्हणजे तुमचे ‘पिन-कोड’ हे एलिमेंट. आतला इनपुट शॅडो डॉममध्ये असल्याने फॉर्मला तो ठाऊकच नसतो. बाहेरच्या एलिमेंटवर फोकस जाऊ शकत नसेल, तर ब्राउझर सबमिट अडवतो, पण संदेश कुठे दाखवावा हे त्याला कळत नाही. यासाठी शॅडो रूट (शॅडो डॉमचे मूळ) जोडताना ‘डेलिगेट्सफोकस’ ट्रू करा, म्हणजे एलिमेंटचा फोकस आतल्या इनपुटकडे जाईल, आणि ‘सेटव्हॅलिडिटी’ला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून आतला इनपुट द्या. हा तिसरा आर्ग्युमेंट तुमच्याच एलिमेंटच्या पोटातला असावा लागतो, बाहेरचा दिला तर एरर येते. फ्लॅग लावून संदेश रिकामा ठेवला तरीही एररच येते.

संदेशाची भाषा ब्राउझर स्वतःच्या मेनू-बटणांच्या भाषेवरून ठरवतो, पानाच्या भाषेवरून नाही. ‘सेटव्हॅलिडिटी’ला तुम्ही दिलेला मजकूर मात्र जसाच्या तसा वापरला जातो, साध्या इनपुटसाठी ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ तेच काम करते.

आता फील्डखालच्या संदेशाविषयी. एलिमेंट अवैध असणे आणि ते वापरणाऱ्याला सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. अनिवार्य फील्ड रिकामे असेल तर ते पान उघडल्या क्षणापासून अवैध असलेच पाहिजे, नाहीतर कोणी फील्डला हात न लावता सबमिट केल्यास रिकामा फॉर्म पुढे जाईल. पण संदेश तेव्हा दाखवू नये. तो फील्डमधून बाहेर पडल्यावर किंवा एलिमेंटवर ‘इनव्हॅलिड’ हा इव्हेंट आल्यावर परिच्छेदात भरावा, आणि त्याच इव्हेंटवर ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ केले की फुगा येत नाही. मात्र असे केल्यावर चुकीच्या फील्डवर आपोआप फोकस नेण्याचे कामही ब्राउझर सोडून देतो, ते तुम्हाला करावे लागते. फॉर्मवरून सगळे ‘इनव्हॅलिड’ इव्हेंट ऐकायचे असतील तर कॅप्चर टप्प्यात, म्हणजे इव्हेंट वरून खाली फील्डकडे येताना ऐका, कारण हा इव्हेंट फील्डपासून परत वर जात (बबल होत) नाही. पहिले चुकीचे फील्ड ‘:इनव्हॅलिड’ सिलेक्टरने शोधत असाल तर फील्डसेट (फील्डांचा गट करणारा टॅग) वगळा. आत काही चुकले असेल तर फील्डसेटलाही तो सिलेक्टर लागू होतो आणि फोकस भलतीकडेच मागितला जातो.

वापरणाऱ्याने फील्ड हाताळल्यावरच लागू होणारा ‘:यूजर-इनव्हॅलिड’ हा सिलेक्टर इनपुट, सिलेक्ट आणि टेक्स्टएरिया यांच्यापुरताच आहे. कस्टम एलिमेंटसाठी ‘अटॅचइंटर्नल्स’मधून मिळालेल्या ऑब्जेक्टच्या ‘स्टेट्स’मध्ये स्वतःची अवस्था नोंदवून ‘:स्टेट’ने स्टाइल द्यावी.

प्रतिसाद २

वरचे सगळे बरोबर आहे, तरी एका पिन कोडसाठी इतका खटाटोप करावा असे मला वाटत नाही. शॅडो डॉम न वापरता ‘पिन-कोड’ हे एलिमेंट साध्या लेबल, इनपुट आणि परिच्छेदाभोवतीचे वेष्टन म्हणून लिहा. इनपुट फॉर्मचाच राहतो, ‘:यूजर-इनव्हॅलिड’ चालते, जावास्क्रिप्ट उतरली नाही तरी ब्राउझरची स्वतःची तपासणी होते, आणि ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’मध्ये संदेशाचा आयडी देऊन तो इनपुटला जोडता येतो. शॅडो डॉमची सीमा आयडी ओलांडत नाही, त्यामुळे तिथे इनपुट आत आणि संदेश बाहेर अशी रचना केल्यास स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) तो संदेश मिळतच नाही. लेबलचेही तसेच: बाहेरच्या लेबलवर क्लिक केल्यास फोकस आत जातो, पण आतल्या इनपुटला नाव मिळत नाही.

शिवाय फॉर्मशी जोडलेली कस्टम एलिमेंटे क्रोममध्ये २०१९ पासून असली तरी सफारीत ती १६.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ मध्ये आली. पतसंस्थेच्या सभासदांकडे जुने आयफोन असतील, तर तिथे ‘अटॅचइंटर्नल्स’च नसल्याने तुमचा कन्स्ट्रक्टर जागीच कोसळेल. साध्या इनपुटवर ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ वापरताना मात्र प्रत्येक बदलानंतर मजकूर बरोबर असल्यास रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरू नका, नाहीतर दुरुस्त केलेले फील्डही अवैधच राहते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. हे एलिमेंट दुसऱ्या प्रकल्पातही वापरायचे असून तिथल्या स्टाइल आत शिरू नयेत म्हणून शॅडो डॉम ठेवतो आहे. लेबल आणि संदेश मात्र आतच आणले. आता संदेश दिसतो, पण दोन अडचणी उरल्या: काहींना सबमिट दोनदा दाबावे लागते, आणि मराठी कीबोर्डवरून ‘४११००४’ लिहिले की सहा आकडी असूनही ते चुकीचे ठरते.

प्रतिसाद ३

पहिल्या अडचणीचे कारण बहुधा तुमचा रिकामा परिच्छेद आहे. माउसचे बटण दाबताच फील्डचा फोकस जातो, त्याच क्षणी संदेश उमटतो आणि सबमिटचे बटण एक ओळ खाली सरकते. बोट उचलेपर्यंत कर्सरखाली बटण उरलेले नसते, म्हणून क्लिक होतच नाही. परिच्छेदाला एका ओळीची किमान उंची आधीच द्या. संदेश लांब असेल आणि फोनवर दोन ओळींत जात असेल, तर दोन ओळींची.

दुसरे असे की जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रातला) ‘\डी’ फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. वापरणाऱ्याला देवनागरीत लिहू द्या, तपासणीपूर्वी आकडे बदलून घ्या आणि फॉर्मसोबत जाणारी किंमत ठरवणाऱ्या ‘सेटफॉर्मव्हॅल्यू’ला बदललेली किंमत द्या, फील्डमध्ये दिसणारा मजकूर तसाच राहू द्या. सर्व्हरवरही हेच रूपांतर ठेवा, कारण ब्राउझरमधली तपासणी सहज टाळता येते.