'मी चूक केली' की 'माझ्याकडून चूक झाली'? : दगा, माफी आणि प्रेमातली त्रांगडी

एका परदेशी रिॲलिटी शोची मराठी उपशीर्षके तपासण्याचे काम गेले काही आठवडे माझ्याकडे आहे. जोडीदाराला फसवायचे, ते उघडकीला आले की रडत माफी मागायची आणि पुढच्याच भागात तिसऱ्याच कुणाशी सूत जुळवायचे, एवढ्या भांडवलावर त्या कार्यक्रमाचा संसार चालतो, आणि मूळ संवादांत या सगळ्यासाठी चार-पाच शब्दच आलटून पालटून येतात. मराठीत अडचण उलटी आहे. शब्द उदंड आहेत, पण प्रत्येकाची बसण्याची जागा ठरलेली आहे आणि तो भलत्या जागी बसवला की वाक्य हास्यास्पद होते. पहिल्या कच्च्या प्रतीत एका मुलीच्या तोंडी 'तू माझी फसवणूक केलीस' असे वाक्य होते. ते वाचताना वाटले की ती आता पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार देणार.

'फसवणूक' हा शब्द चुकीचा नाही, पण त्याला व्यवहाराचा वास आहे. जमिनीच्या सौद्यात फसवणूक होते, नोकरीचे आमिष दाखवून होते. प्रेमातल्या माणसाच्या तोंडी नामापेक्षा क्रियापद शोभते: 'तू मला फसवलंस'. एवढ्या बदलाने वाक्य ठाण्यातून घरात येते. 'विश्वासघात' जड आहे, तरी चालतो. 'दगा' मात्र मला या सर्वांत उजवा वाटतो, कारण तो बोलण्यातला आहे, एका श्वासात उच्चारता येतो आणि 'तू मला दगा दिलास' यात समोरच्याला उत्तर देण्यापुरतीही जागा उरत नाही.

'प्रतारणा' या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मराठीत प्रतारणा म्हणजे वंचना, फसवणे; संस्कृतातही 'प्रतारण' म्हणजे तेच. हिंदीतला 'प्रताड़ना' हा वेगळा शब्द आहे, तो 'तड्' या मारणे-ताडणे अर्थाच्या धातूवरून आला आहे आणि त्याचा अर्थ छळ करणे, त्रास देणे असा होतो. हिंदी मजकुरावरून मराठी करताना या दोन शब्दांची हमखास गल्लत होते आणि छळ झालेली व्यक्ती मराठीत येईपर्यंत फसवली गेलेली असते. माझ्याकडच्या प्रतीत हा प्रकार दोनदा सापडला. एका ठिकाणी तर पात्र म्हणत होते की 'तो माझी रोज प्रतारणा करायचा, आरडाओरडा करायचा'. ओरडून कुणी प्रतारणा करत नाही; ती शांतपणेच करावी लागते.

('पात्र' हा शब्द मी मुद्दाम वापरला. या कार्यक्रमांतल्या माणसांना 'स्पर्धक' म्हणावे तर पुष्कळदा स्पर्धाच नसते आणि 'कलाकार' म्हणावे तर ते स्वतः ते मान्य करत नाहीत. 'पात्र' यात भूमिकाही आली आणि 'काय पात्र आहे!' या उद्गारातला अचंबाही आला.)

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, तो माफीचा. उदाहरण म्हणून सर्वांना माहीत असलेले प्रकरण घेऊ. लॉस एंजेलिसमधल्या रेस्टॉरंटच्या कर्मचाऱ्यांभोवती फिरणारा 'व्हँडरपंप रूल्स' हा अमेरिकी कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. मार्च २०२३ मध्ये त्यातल्या टॉम सँडोवालचे त्याच कार्यक्रमातल्या रॅकेल लेविसशी संबंध असल्याचे उघड झाले. एरियाना मॅडिक्स ही त्याची नऊ वर्षांपासूनची जोडीदार आणि रॅकेल ही एरियानाची मैत्रीण. जोडीदाराने दिला तो दगा. पण मैत्रिणीने केले त्याला मराठीत 'केसाने गळा कापणे' असा स्वतंत्र वाक्प्रचार आहे, आणि हा फरक भाषेने आधीच करून ठेवला आहे याचे मला फार कौतुक वाटते. इंग्रजीत आडनाव आणि 'स्कँडल' यांचा सांधा जुळवून 'स्कँडोवाल' असा नवा शब्द पाडला गेला. मराठीला 'बिंग फुटले' एवढ्याने भागते.

बिंग फुटल्यावर सँडोवालने ४ मार्चला इन्स्टाग्रामवर निवेदन दिले. त्यात लोकांचा राग समजण्यासारखा असल्याचे म्हटले होते, पण मित्राला, घरच्यांना आणि व्यवसायाला यात ओढू नका ही विनंती ठळक होती आणि एरियानाचे नाव कुठेच नव्हते. तिची माफी मागणारे दुसरे निवेदन ७ मार्चला आले. या पहिल्या निवेदनाला मराठीत काय म्हणावे? 'खोटी माफी' म्हणता येणार नाही, कारण ज्याची माफी मागायची त्याचे नावच त्यात नाही. 'तोंडदेखली माफी' ही निदान तोंडासमोर मागितली जाते. माझ्या मते नेमका शब्द 'सारवासारव' हा आहे. सारवणे म्हणजे उखडलेल्या जमिनीवर शेणाचा हात फिरवून ती सपाट दिसेल असे करणे. खड्डा बुजत नाही, दिसेनासा होतो.

'माफी' आणि 'दिलगिरी' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, त्यालाही माझा आक्षेप आहे. 'दिलगीर' म्हणजे फारसीत ज्याचे मन दुःखाने धरले आहे तो. दिलगिरी 'व्यक्त' करायची असते, तिला समोर कुणी असण्याची गरज नाही, आणि म्हणून रेल्वेला उशीर झाला की तीच ऐकू येते. माफी 'मागायची' असते आणि मागितलेली गोष्ट देणे वा न देणे दुसऱ्याच्या हातात जाते. रिॲलिटी शोमधल्या बहुतेक माफ्या या आशयाने दिलगिऱ्या असतात. 'कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी माफी मागतो' या वाक्यात तर दुखावलेला माणूस 'कुणी' आहे, दुखावणारा कर्मणी प्रयोगात विरघळला आहे आणि दुखावणे 'असतील तर' या टांगणीला लावले आहे. एवढी तजवीज केल्यावर माफी उरते कुठे?

मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न मात्र एका क्रियापदाचा आहे. एक पात्र बऱ्याच टाळाटाळीनंतर आपली चूक कबूल करते. मूळ वाक्याचा कर्ता स्पष्टपणे 'मी' आहे. कच्च्या प्रतीत 'माझ्याकडून चूक झाली' असे केलेले होते. मराठी म्हणून ते सहज, ओघवते आणि नैसर्गिक आहे, कारण आपण खरोखर असेच बोलतो. पण 'झाली' म्हटले की चूक पावसासारखी आपोआप येते आणि बोलणारा तिच्या वाटेत नेमका उभा असतो. 'मी चूक केली' हे कानाला किंचित ताठ लागते, तरी कबुली त्यातच आहे. यावर आपले मत हवे आहे. शिवाय, एका कार्यक्रमापुरत्या जमलेल्या प्रेमाला आणि त्यातल्या गुंतागुंतीला काय म्हणावे, हेही सुचवावे.

प्रतिसाद १

'झाली' आणि 'केली' यांचे विवेचन पटले, पण 'माझ्याकडून चूक झाली' याला सरसकट पळवाट ठरवू नये असे मला वाटते. वयाने मोठ्या माणसासमोर 'मी चूक केली' असे म्हणणे उद्धटपणाकडे झुकते. त्यात चूक करण्याचीसुद्धा ऐट दिसते. मान खाली घालून म्हटलेले 'चुकलो' हे एका शब्दाचे वाक्य मात्र दोन्ही दोषांतून सुटते. त्यात 'झाली'ची पळवाट नाही, 'केली'चा ताठा नाही, आणि कर्ता प्रत्ययातच असल्यामुळे तो लपूही शकत नाही. 'चुकलो' आणि 'चुकले' यांतली निवड बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे करावी. फक्त 'माझं चुकलं' इथवर घसरू नये, कारण तिथे पुन्हा चूक नपुंसकलिंगी होऊन स्वतंत्र हिंडू लागते.

प्रतिसाद २

मूळ लेखात 'व्यभिचार' हा शब्द टाळला आहे, ते योग्यच झाले. तो विवाहाशी आणि कायद्याशी जखडलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले, तेव्हा सर्व बातम्यांत हाच शब्द होता. अविवाहित जोडप्याच्या भांडणात तो घातला तर पात्रे एकदम कठड्यात उभी राहतात. तरी त्याचा जुना अर्थ नोंदवून ठेवावासा वाटतो. 'व्यभिचार' म्हणजे मुळात ठरलेल्या वाटेवरून ढळणे. म्हणून गीतेच्या तेराव्या अध्यायात भक्ती 'अव्यभिचारिणी' आहे, आणि म्हणूनच रसशास्त्रात येऊन-जाऊन असणाऱ्या ३३ भावांना 'व्यभिचारी भाव' असे नाव आहे. शंका, असूया, व्रीडा, गर्व, विषाद हे सगळे त्या यादीत आहेत. रिॲलिटी शोच्या एका भागात त्यांतले किती येऊन जातात, हे कुणी तरी मोजायला हवे. स्थायी भाव शोधण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रतिसाद ३

'चीटिंग' तसेच ठेवावे, या मताचा मी आहे. तरुण प्रेक्षक घरीही 'त्याने चीट केलं' असेच म्हणतात आणि उपशीर्षक हे वाचणाऱ्याच्या कानाला ओळखीचे वाटले पाहिजे. एकच सावधगिरी हवी: ज्या कार्यक्रमात डावही असतो आणि प्रेमही असते, तिथे 'तू चीटिंग केलीस' या वाक्याचा अर्थ खेळातली लबाडी असाही होतो. अशा वेळी खेळातल्या लबाडीसाठी 'रडीचा डाव' वापरला की घोटाळा मिटतो.

तसेच, या कार्यक्रमांत आता वारंवार येणाऱ्या 'गॅसलायटिंग' (समोरच्याला स्वतःच्याच डोळ्या-कानांवर शंका यावी असे वागणे) या शब्दाला मराठीत जागा करून द्यावी लागेल. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकावरून तो आला आणि मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशकर्त्या संस्थेने २०२२ चा शब्द म्हणून त्याची निवड केली. मी 'वेड्यात काढणे' असे सुचवतो. बायको विचारते, 'काल रात्री कुणाचा फोन होता?' आणि नवरा म्हणतो, 'तुला हल्ली भासच फार होतात.' यापेक्षा नेमके वेड्यात काढणे कोणते? स्वतः काही ठाऊकच नसल्याचा आव आणणारा असेल तर त्याच्यासाठी 'वेड पांघरून पेडगावला जाणे' आहेच. वेड तेच, फक्त कुणाच्या अंगावर घालायचे एवढाच फरक.

प्रतिसाद ४

सारवासारवीचा विषय निघाला म्हणून लिहितो. कबुलीसाठी मराठीत 'शेण खाल्लं' याइतका प्रामाणिक शब्दप्रयोग दुसरा नाही. 'मी शेण खाल्लं' म्हणणारा माणूस स्वतःला वाचवायला एक बोटभरही जागा ठेवत नाही. तेच शेण न खाता पाण्यात कालवून जमिनीवर फिरवले की त्याची सारवासारव होते. माझ्या मते एवढी कसोटी पुरेशी आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

सर्वांचे आभार. 'चुकलो' मी ताबडतोब उचलला आहे; त्या प्रसंगात पात्र खुर्चीच्या कडेला बसून जमिनीकडे पाहत आहे आणि मूळ वाक्यही तीन शब्दांचेच आहे, त्यामुळे तो तिथे चपखल बसतो. 'शेण खाल्लं' मोहात पाडणारे आहे, पण ते पात्र एवढे प्रामाणिक नाही. पुढच्या दोनच मिनिटांत ते 'पण तूही माझ्याकडे लक्ष देत नव्हतीस' असे म्हणते. या 'पण'साठी मी 'चोराच्या उलट्या बोंबा' हा वाक्प्रचार समोरच्या मुलीच्या उत्तरात घातला आहे. 'चीटिंग'च्या बाबतीत मी अर्धा सहमत आहे: मित्रमंडळींच्या गप्पांत ते ठेवले, प्रत्यक्ष भांडणात 'दगा' ठेवला, कारण माणूस खरोखर दुखावला की तो जुन्या शब्दांकडे वळतो, हा माझा अनुभव आहे.

कार्यक्रमापुरत्या प्रेमाला 'कॅमेऱ्यापुरते प्रेम' असे केले. 'सोंग' हा शब्द अधिक नेटका होता, पण सोंगात ठरवून केलेला खोटेपणा येतो आणि या मंडळींना स्वतःलाही खरे-खोटे ठाऊक असतेच असे नाही. तिघांच्या भानगडीला कच्च्या प्रतीत 'प्रेमाचा त्रिकोण' असे होते. त्रिकोणाला सरळ बाजू असतात, त्याचे कोन मोजता येतात. इथे तसे काही नाही. 'त्रांगडे' घातले, त्या शब्दात तीनही ऐकू येतात आणि अडकणेही. चौथी व्यक्ती आल्यावर काय करायचे, या प्रश्नावर बरीच डोकेफोड झाली आणि शेवटी 'गुंतवळ' सुचला. विंचरल्यावर फणीत राहिलेला केसांचा गुंता कुणी सोडवत बसत नाही, आणि त्या पात्रांनीही तसा प्रयत्न केलेला नाही.

राहता राहिला मोसम संपल्यावरच्या त्या विशेष भागांचा प्रश्न, ज्यांत सगळे पुन्हा एका मंचावर येतात. 'व्हँडरपंप रूल्स'चे २०२३ चे असे तीन भाग मे-जूनमध्ये दाखवले गेले. कच्च्या प्रतीत अशा भागाला 'पुनर्मीलन' असे नाव होते. पुनर्मीलन दुरावलेल्या बंधूंचे होते, ताटातूट झालेल्या मायलेकरांचे होते. इथे माणसे एकमेकांची तोंडे बघायलाही तयार नसतात आणि सूत्रसंचालक हातात प्रश्नांचे कागद घेऊन मधोमध बसलेला असतो. 'बिग बॉस मराठी'ने आपल्या आठवड्याच्या बैठकीला एके काळी 'चावडी' हे नाव दिले होते, ते मला आवडले होते, पण ते त्यांचे झाले. मी 'झाडाझडती' लिहून पाठवले आहे. निर्मात्यांकडून अजून उत्तर आलेले नाही. शब्द एका ओळीत मावतो एवढे तरी त्यांनी मान्य केले आहे.