अंटार्क्टिकातील क्रिल : ‘साठ्याच्या एक टक्का’ हा हिशेब पुरेसा आहे का?

खानापूरकर (धागाकर्ता)

परवा शहापुरात आईच्या गुडघ्यांसाठी औषध घ्यायला गेलो असता दुकानदाराने लाल गोळ्यांची एक बाटली पुढे केली. तिच्यावर ‘अंटार्क्टिक क्रिल तेल’ असे छापलेले होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘शाश्वत मासेमारीतून’ अशी ग्वाही होती. बाटली मी घेतली नाही, कारण कोलंबी खाल्ली की आईच्या अंगावर गांधी उठतात; पण ती ग्वाही डोक्यातून गेली नाही, म्हणून हा धागा.

क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा थोरला भाऊ वाटावा असा, फार तर सहा सेंटिमीटरचा जीव. पेंग्विन, सील आणि देवमासे त्याच्यावर जगतात. दक्षिण महासागरातील मासेमारीचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग होबार्टला आहे. तो ज्या करारावर उभा आहे, तो १९८२ पासून अमलात असून पकडल्या जाणाऱ्या जिवांबरोबरच त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जिवांचाही विचार झाला पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. नैऋत्य अटलांटिककडच्या क्षेत्रात वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. ही मर्यादा चार उपक्षेत्रांत वाटून देण्याचा नियमही होता आणि त्यानुसार अंटार्क्टिक द्वीपकल्पालगत जास्तीत जास्त १ लाख ५५ हजार टन क्रिल पकडता येत असे. २०२४ मध्ये सदस्य देशांचे एकमत न झाल्याने हा वाटपाचा नियम संपुष्टात आला आणि २०२५ मध्ये पूर्ण मर्यादा पहिल्यांदाच गाठली जाऊन ऑगस्टच्या सुरुवातीलाच हंगाम बंद करावा लागला. माझे म्हणणे एवढेच की वाटप पुन्हा ठरेपर्यंत द्वीपकल्पालगतची मासेमारी थांबवावी.

निपाणीकर

सर, आपली कळकळ मान्य करूनही मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. २०१९ च्या पाहणीत याच क्षेत्रात सुमारे ६ कोटी २६ लाख टन क्रिल आढळले होते, म्हणजे मर्यादा जेमतेम एक टक्का भरते. जगातल्या किती मासेमारी इतक्या हात राखून चालतात? क्रिल पकडणाऱ्या जहाजांवर निरीक्षक असतात आणि या व्यवसायातील बहुतेक कंपन्यांनी २०१८ पासून पेंग्विनांच्या वसाहतींजवळचा पट्टा विणीच्या काळात स्वतःहून सोडून दिला आहे.

शिवाय याच आयोगाच्या नियमांनी काय साधले, तेही पाहा. टूथफिश या खोल पाण्यातल्या मोठ्या माशासाठी हजारो गळ लावलेला लांब दोर समुद्रात सोडतात. पूर्वी त्यावरचे आमिष उचलायला झेपावणारे अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी गळाला अडकून बुडत आणि दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाच्या परिसरात एका हंगामात हजारो पक्षी मरत. दोर रात्री सोडायचा, त्याला वजन बांधायचे, वर पक्ष्यांना बुजवणाऱ्या फडफडत्या पट्ट्या लावायच्या आणि विणीच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवायची, एवढ्या उपायांनी तिथली ही संख्या जवळजवळ शून्यावर आली. रॉस समुद्रात आजही टूथफिशच्या प्रत्येक टनामागे किमान एक मासा खुणेची पट्टी टोचून जिवंत सोडावा लागतो. पुढे तो पुन्हा सापडला की साठ्याचा अंदाज बांधता येतो. जहाजेच गेली नाहीत, तर ही माहिती आणणार कोण?

खानापूरकर

अल्बाट्रॉसचा मुद्दा बिनतोड आहे. तो मी आधीच मांडायला हवा होता. पण एक टक्क्याच्या हिशेबात एक मेख आहे. हिडकल धरण काठोकाठ भरले आहे, असे सांगून आमच्या वाडीतल्या विहिरीचा प्रश्न सुटत नाही. सहा कोटी टन क्रिल लाखो चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. पिलाला भरवणारी पेंग्विनाची मादी मात्र वसाहतीपासून काही तासांच्या अंतरातच पोहू शकते आणि जहाजांनाही दाट थवे नेमके त्याच भागात मिळतात.

दुसरे असे, की एवढ्या विस्तृत क्षेत्राची पाहणी २००० मध्ये झाली आणि त्यानंतर थेट २०१९ मध्ये. क्रिलचे आयुष्य पाच ते सात वर्षांचे धरले, तर मधल्या काळात दोन-तीन पिढ्या न मोजताच निघून गेल्या. १९६९-७० मध्ये दक्षिण जॉर्जियाभोवती एकाच हंगामात संगमरवरी रॉककॉड हा मासा सुमारे ४ लाख टन उपसला गेला आणि दोन-तीन वर्षांत तो साठा बसला. तेव्हाही मासा मुबलक आहे, असेच जहाजवाल्यांना वाटत होते.

चोर्लामार्गे

मी गेली अठरा वर्षे गोव्याहून बेळगावला मासळी आणतो, म्हणून दोन शब्द. केरळमध्ये २०१२ मध्ये जवळजवळ ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. पावसाळ्यातली मासेमारीबंदी त्या सगळ्या वर्षांत होतीच. अभ्यासकांनी त्यामागे समुद्रातल्या बदलांकडे बोट दाखवले, पण त्याच वर्षांत माझ्या खोक्यांत बर्फाखालून करंगळीएवढे बांगडे निघत होते, हेही मी विसरलेलो नाही. नियम कागदावर तसाच राहतो आणि खालचा समुद्र बदलतो, म्हणून मोजणी दरवर्षी व्हायला हवी. बंदी घालायची की नाही, हे तुम्ही दोघे ठरवा.

शहापूर पेठ

आपल्या गटारींची पाहणी होत नाही आणि आपण पेंग्विनांची पिले मोजायला निघालो आहोत! बेळगावकरांना यात काय घेणे-देणे?

खानापूरकर

घेणे-देणे आहे, दादा. भारत या आयोगाचा सदस्य आहे, निर्णय एकमताने होतात आणि म्हणून आपल्या एका मताला वजन आहे. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातील संरक्षित क्षेत्रांच्या प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये पाठिंबा दिला. आपल्या ध्रुवीय मोहिमांची संस्थाही घाट उतरून गेले की वास्कोलाच आहे. गटारींबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूचा आहे.

निपाणीकर

विहिरीचे उदाहरण पटले आणि वाटपाचा नियम परत यावा, हेही मला मान्य आहे. तरीही पेंग्विनांच्या प्रत्येक संकटाचे खापर जाळ्यावर फोडू नये. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझन समुद्रातील चार वसाहतींत सम्राट पेंग्विनांची पिले दगावली, ती पिसे जलरोधक होण्याआधीच पायाखालचा बर्फ फुटल्यामुळे. तिथे जाळ्याचा संबंध नव्हता.

खानापूरकर

बर्फाचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. क्रिलची पिले हिवाळ्यात बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शेवाळावर जगतात. बर्फ घटू लागला असेल, तर जुन्या पाहणीवर बेतलेला एक टक्का उद्या किती टक्के ठरेल, हे पुन्हा मोजल्याशिवाय कसे सांगणार?

निपाणीकर

मग मोजणीचा खर्च क्रिल पकडणाऱ्या कंपन्यांकडून परवान्याबरोबरच वसूल करावा आणि आराखडा आयोगाच्या शास्त्रज्ञांनी आखावा, असा माझा प्रस्ताव आहे. २०१९ च्या पाहणीत मासेमारी जहाजेही होतीच, तेव्हा हे अशक्य नाही. वाटपाला माझी हरकत नाही. सरसकट बंदीला आहे आणि ती राहील.