मदत हवी आहे: ‘मस्टन्ट’ एका वाक्यात चूक आणि दुसऱ्यात बरोबर कसे?

निशिगंध
नमस्कार. मराठी मजकुराच्या इंग्रजी अनुवादात मी ‘ही मस्टन्ट हॅव गॉन फार’ असे वाक्य लिहिले होते आणि तपासणाऱ्या संपादकांनी त्यातील ‘मस्टन्ट’ खोडून ‘कान्ट’ केले. सोबत पाठवलेल्या दुसऱ्या मजकुरात ‘मस्टन्ट बी मोअर दॅन टू मीटर्स’ आहे. तिथे मात्र त्यांनी काहीही बदललेले नाही. दोन्ही ठिकाणी अंतर मर्यादित आहे एवढेच सांगायचे आहे, मग हा भेद का? शब्दकोश पाहून झाले आहेत, त्यामुळे ‘कॅन म्हणजे शकणे’ इथून कृपया कोणी सुरुवात करू नये. मजकूर आज रात्रीच द्यायचा आहे.

वाटसरू
दोन मीटर कशाचे, आणि ही वाक्ये कोण कोणाला उद्देशून बोलत आहे, हे आपण सांगितलेले नाही. मोडल क्रियापदांचा, म्हणजे शक्यता, सक्ती वगैरे दाखवणाऱ्या ‘मस्ट’, ‘कॅन’सारख्या सहायक क्रियापदांचा, अर्थ बोलणाऱ्याच्या भूमिकेवर ठरतो, त्यामुळे एवढ्या माहितीवर दिलेले उत्तर अर्धवटच राहील. वाचक ब्रिटिश इंग्रजीचे आहेत की अमेरिकन, तेही कळवावे.

अरुंधती
मी अनुवाद करताना ही नकारार्थी मोडल क्रियापदे शक्यतो टाळते. ‘ही इज प्रॉबेबली नॉट फार अवे’ आणि ‘टू मीटर्स अ‍ॅट मोस्ट’ असे लिहिले की गोंधळाला जागाच उरत नाही. माझा सल्ला असा की दोन्ही वाक्ये बदलून मोकळे व्हावे.

निशिगंध
वाक्ये बदलण्याचा प्रश्न नाही, भेद समजून घ्यायचा आहे. शिवाय ‘प्रॉबेबली’ने बोलणाऱ्याची खात्री कमी होते.

अक्षरमित्र
अंतराचा विषय निघालाच आहे तर एक लक्षात ठेवावे: प्रत्यक्ष अंतरासाठी ‘फार्दर’ आणि ‘अधिक’ या व्यापक अर्थाने ‘फर्दर’ असा भेद पुष्कळ लोक पाळतात, मात्र अंतरासाठी ‘फर्दर’ वापरणेही चूक ठरत नाही.

निशिगंध
माझ्या दोन्ही वाक्यांत यांतला एकही शब्द नाही. वाटसरू, तपशील असा: पहिले वाक्य गोष्टीतले आहे. मुलगा धुक्यात दिसेनासा होतो आणि आजोबा म्हणतात, ‘तो फार लांब गेला नसावा.’ दुसरे एका यंत्राच्या जोडणीपुस्तिकेतले आहे: ‘नळी दोन मीटरपेक्षा लांब नसावी.’ वाचक ब्रिटिश आहेत. मूळ मराठीत दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, म्हणून मी दोन्हीकडे एकच इंग्रजी क्रियापद ठेवले.

वाटसरू
आता उत्तर देता येईल, कारण अडचणीचे मूळ या ‘नसावा’मध्येच आहे. आपली मराठी अनुमान आणि सूचना या दोन्हींसाठी ‘नसावा’ वापरते आणि कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भावर सोडते. ब्रिटिश इंग्रजी मात्र हे दोन अर्थ वेगळ्या क्रियापदांत विभागते. आजोबांच्या वाक्याचा आशय ‘एवढ्या वेळात तो लांब गेला असणे शक्यच नाही’ असा आहे, म्हणजे नकार शक्यतेला लागतो, आणि ते काम ‘कान्ट’चे आहे. पुस्तिकेचा आशय ‘नळी याहून लांब असता कामा नये’ असा आहे. तिथे सक्ती कायम राहते आणि नकार पुढच्या क्रियापदाला लागतो, म्हणून ‘मस्टन्ट’. होकारार्थी अनुमानात ‘ही मस्ट बी निअर’ चालते, त्यामुळे त्याचा नकार ‘मस्टन्ट’ असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण खात्रीच्या अनुमानात ‘मस्ट’ची नकारार्थी जोडी ‘कान्ट’शी लागते.

याच पुस्तिकेत ‘नीडन्ट बी मोअर दॅन टू मीटर्स’ लिहिले असते तर अर्थ तिसराच झाला असता: दोन मीटर पुरेत, अधिक लांबीची गरज नाही, पण अधिक असली तरी हरकत नाही. जोडणी करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

सागरवेल
‘मस्टन्ट’ने अनुमान होतच नाही, हे मला मान्य नाही. मी अमेरिकेत काम करते आणि ‘ही मस्ट नॉट हॅव गॉन फार’ असे अनुमानाचे वाक्य तिथे सहज ऐकू येते. आयरिश इंग्रजीतही हा वापर आहे. संपादकांनी त्याला सरसकट चूक ठरवू नये.

वाटसरू
आपला मुद्दा योग्य आहे आणि म्हणूनच मी सुरुवातीला वाचकांविषयी विचारले होते. मात्र ‘मस्ट नॉट हॅव’मध्ये ‘गेलेला दिसत नाही’ अशी छटा येते, तर ‘कान्ट हॅव’ शक्यताच नाकारते. धीर देणाऱ्या आजोबांच्या तोंडी दुसरी रचना अधिक शोभते, असे माझे ठाम मत आहे.

अरुंधती
मग ‘कुडन्ट’ का नको? घटना भूतकाळातली आहे.

वाटसरू
‘कुडन्ट हॅव गॉन फार’ चालेल, परंतु ‘हॅव’ गळता कामा नये. ‘ही कुडन्ट गो फार’ म्हणजे त्याला लांब जाता आले नाही, उदाहरणार्थ पाय दुखावल्यामुळे. ते अनुमान न राहता घडलेल्या गोष्टीचे कथन होते. आजोबा त्या क्षणी बोलत असल्यामुळे ‘कान्ट हॅव’ अधिक थेट वाटते. आणखी एक सांगतो: या अर्थाने ‘फार’ हा इंग्रजी शब्द नकारात आणि प्रश्नात सहज बसतो, पण साध्या होकारार्थी वाक्यात ‘ही हॅज गॉन फार’पेक्षा ‘अ लाँग वे’ स्वाभाविक वाटते. पुढे मुलगा खरोखरच लांब गेलेला निघाला, तर हा बदल करावा लागेल.

निशिगंध
तो लांब गेलेला निघतोच, त्यामुळे ही सूचना वेळेवर मिळाली. एक शेवटची शंका: त्याच गोष्टीत आजी म्हणते, ‘झरा इथून मैलभरापेक्षा लांब नसावा.’ तिने तो झरा लहानपणी पाहिलेला आहे आणि तिची खात्री आजोबांएवढी नाही. इथेही ‘कान्ट’च का?

सागरवेल
नाही, इथे ‘इट शुडन्ट बी मोअर दॅन अ माइल’ लिहावे. ‘शुडन्ट’ने अपेक्षा व्यक्त होते आणि ती चुकण्यास वाव राहतो. पुस्तिकेत मात्र ते वापरू नये, कारण तिथे ते शिफारशीसारखे वाचले जाईल.

वाटसरू
सहमत. ‘मे नॉट’ही इथे घेऊ नये, ‘मैलभराहून लांब नसेलही, असेलही’ इतका तो सैल पडतो.

निशिगंध
आजोबांना ‘कान्ट हॅव’, आजीला ‘शुडन्ट’ आणि नळीला ‘मस्टन्ट’ असे ठेवून मजकूर पाठवत आहे. वाटसरू आणि सागरवेल, आपले मनापासून आभार.

अक्षरमित्र
पाठवण्यापूर्वी पुस्तिकेत ‘मस्टन्ट’ऐवजी ‘मस्ट नॉट’ असे पूर्ण रूप करावे. औपचारिक सूचनांमध्ये संक्षिप्त रूप टाळतात आणि नकार नजरेतून सुटत नाही.

निशिगंध
केले.