मदत हवी आहे: मोठ्या कन्सल्टिंग कंपनीचं नाव पुढच्या नोकऱ्यांमध्ये खरंच उपयोगी पडतं का?

नमस्कार मंडळी,

वय ३१, मेकॅनिकल इंजिनियर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सप्लाय चेन प्लॅनिंग बघते. ‘बिग फोर’पैकी (डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या ऑडिट आणि कन्सल्टिंगमधल्या चार बड्या कंपन्या) एका कंपनीची सीनियर कन्सल्टंटची ऑफर हातात आहे, पगार २४ लाख. सध्या १९ आहे आणि एप्रिलमध्ये मॅनेजर केलं तर २२ पर्यंत जाईल, असं साहेबांनी सांगितलंय. म्हणजे पैशांसाठी जीव टाकावा असा फरक नाही. प्रश्न नावाचा आहे. घरचे, मित्रमंडळी, लिंक्डइन, सगळीकडून एकच ऐकू येतं: “दोन वर्षं काढ, सीव्हीवर नाव लागलं की पुढची चिंता नाही.” हे कितपत खरं आहे? तिथून बाहेर पडलेल्यांनी आणि अशा लोकांना नोकरीवर घेणाऱ्यांनी कृपया सांगा.

उदाहरणं म्हणून जी माणसं पुढे केली जातात त्यांचा प्रवास मी नीट वाचला. सुंदर पिचाई मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीत होते हे खरं, पण त्याआधी खरगपूरची आयआयटी, स्टॅनफर्ड, अप्लाइड मटेरियल्समधली नोकरी आणि व्हार्टनचं एमबीए एवढं सगळं झालेलं होतं. इंद्रा नूयी आयआयएम कलकत्ता आणि येल करून १९८० मध्ये बीसीजीत (बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप) लागल्या. १९८६ मध्ये मोटोरोला, मग एबीबी, १९९४ मध्ये पेप्सिको, आणि सीईओ झाल्या २००६ मध्ये. मधल्या वीस वर्षांत त्यांना बीसीजीच्या नावानं किती हात दिला असेल? झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल बेन या कन्सल्टिंग कंपनीत होते, पण तेही मूळचे आयआयटी दिल्लीचे. ही सगळी आधीच गाळून घेतलेली माणसं. त्यांचं भलं कंपनीच्या नावामुळे झालं, की ज्या गुणांमुळे कंपनीनं त्यांना घेतलं त्या गुणांमुळे?

अमेरिकेत कॉलेजांबद्दल हाच प्रश्न स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ च्या शोधनिबंधात तपासला होता. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळत असूनही जी मुलं कमी नावाजलेल्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई साधारण तेवढीच निघाली. अपवाद गरीब घरच्या मुलांचा. त्यांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला होता. हा अपवाद माझ्या डोक्यातून जात नाही. माझं कॉलेज जिल्ह्याच्या गावचं, एमबीए नाही, वडील एसटीत होते, नात्यात कॉर्पोरेटमधलं कुणी नाही. मग आयआयटीवाल्यापेक्षा मला अशा नावाचा उपयोग जास्त व्हायला हवा, नाही का?

पण अडतं ते कामाशी. या कंपन्यांमध्ये एकाच नावाखाली फार वेगवेगळी कामं चालतात. कुणी कंपनीच्या संचालकांसोबत बसून नवा कारखाना कुठे टाकायचा ते ठरवतं, कुणी सॅपसारखं सॉफ्टवेअर बसवतं, कुणी दुसऱ्यांच्या कामाची एक्सेल शीट भरतं. बाहेरच्या माणसाला तिघांच्या ओळखपत्रावर एकच नाव दिसतं. मला तिसऱ्या मुलाखतीत कळलं, की पहिलं वर्षभर तरी एका सरकारी उपक्रमाच्या ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रकल्पात ‘पीएमओ’, म्हणजे प्रकल्पाच्या देखरेखीचं काम बघायचंय. म्हणजे दर आठवड्याचा स्टेटस रिपोर्ट, कुणाचं काम कुठे अडलंय त्याचा ट्रॅकर आणि शुक्रवारी क्लायंटसमोर स्लाइड्स. ऑफर लेटरवर बेस लोकेशन मुंबई आहे, पण खाली बारीक अक्षरात “व्यवसायाच्या गरजेनुसार कुठेही” असंही आहे.

आत्ताच्या नोकरीत मोठं नाव नाही, पण सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगला फाउंड्रीकडून कास्टिंग येणार नाहीत असं कळलं की कुठली लाइन आधी चालवायची, कुणाचा माल मागे ठेवायचा हे मी ठरवते. चुकलं की बरोबर ते संध्याकाळपर्यंत कळतं. हे सोडून ट्रॅकर भरायला जायचं म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा अशी गत होईल, ही खरी भीती आहे.

तरी नावाचा जोर मी स्वतः पाहिलाय. गेल्या वर्षी आमच्या टीमसाठी प्लॅनर घेताना मी पॅनेलवर होते. सीव्हींचा गठ्ठा आला तेव्हा एचआरनं ‘बिग फोर’वाल्या मुलाचा सीव्ही न वाचताच वरती ठेवला. सहा वर्षं भोसरीतल्या छोट्या कंपनीत घासलेल्या मुलीला बोलवा म्हणून मला भांडावं लागलं. मुलाखतीत मात्र चित्र पालटलं. त्याला विचारलं, “सेफ्टी स्टॉकचा आकडा तू स्वतः कधी ठरवलायस का?” (म्हणजे अडीनडीला हाताशी ठेवायचा जादा माल.) तो टीमनं काय केलं, क्लायंटला किती बचत झाली तेच सांगत राहिला. मुलीनं कागद मागून घेतला, लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) कसा वर-खाली होतो ते काढून दाखवलं. निवड तिची झाली. म्हणून माझी समजूत अशी झालीय, की नावामुळे बोलावणं येतं, पुढचा अर्धा तास तुमचा तुम्हालाच निभवावा लागतो. पण ती मुलगी बोलावण्यापर्यंत पोचली ते पॅनेलवर कुणीतरी भांडलं म्हणून. प्रत्येक ठिकाणी माझ्यासाठी कोण भांडणार?

आणखी एक. नावंही बुडतात. आर्थर अँडरसन ही बडी ऑडिट कंपनी एन्रॉनच्या हिशेब घोटाळ्यात २००२ मध्ये संपली. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर जिच्या संस्थापकांपैकी एक होते ती मॉनिटर ही कन्सल्टिंग कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डेलॉइटनं ती विकत घेतली. तिथल्या लोकांपैकी कुणी इथे असेल तर त्यांचा अनुभव मला सगळ्यात मोलाचा वाटेल.

नेमकं विचारायचं तर: पीएमओसारख्या कामातून दोनेक वर्षांनी उत्पादन क्षेत्रात परत येताना तुम्हाला वरची जागा मिळाली, की “प्रत्यक्ष कामापासून लांब होतात” म्हणून कमी लेखलं गेलं? आत गेल्यावर प्रकल्प बदलून मागता येतो का, की ज्या पार्टनरकडे (कंपनीतला भागीदार, वरचा साहेब) लागलात त्याच्याच हातात सगळं असतं? आणि हे नाव पुण्याबाहेर, म्हणजे जर्मनी किंवा दुबईत अर्ज करताना जास्त चालतं का? आमच्या कंपनीचं नाव तिथे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे हाही विचार मनात आहे.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघातिघांनी सुचवलं तसं एचआरला मेल टाकलाय, की सप्लाय चेनच्याच प्रकल्पावर घेणार असाल तर लेखी द्या आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या मॅनेजरशी एकदा बोलू द्या. बोलणं करून देतो म्हणाले, लेखीबद्दल अजून गप्प आहेत. लेखी नाही मिळालं तर ऑफर सोडायची आणि एप्रिलची वाट बघायची, असं सध्या मनात आहे. त्या मॅनेजरला काय काय विचारावं, ते अनुभवी मंडळींनी सांगितलं तर फार मदत होईल.