पानं मांडवभर, घड मात्र नाही
तीन वर्षं झाली, द्राक्षाचा मांडव पानांनी गच्च भरलाय पण घड एकही नाही म्हणताय, तर मला वाटतं छाटणी करताना तुमचा हात कचरतोय. इथे अमेरिकेत, मिनेसोटाच्या थंडीत आल्यावर मीही तेच केलं, कापायचा धीरच होईना. द्राक्ष लागतं ते गेल्या वर्षीच्या काडीवरच्या डोळ्यातून, म्हणजे कोंबातून, निघणाऱ्या फुटीवर, त्यामुळे मोजक्या चांगल्या काड्या ठेवून बाकी नव्वद टक्के बिनधास्त उडवा. नाशकात एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या, इथे एकच, मार्चमध्ये, कडाका ओसरला की. कापल्यावर टोकातून टपटप पाणी गळतं, आमची ही तर फडकं बांधायला निघाली होती, पण त्याने वेलाला काही होत नाही.

आणि हो, जात कुठली आहे ते पण बघा. थॉमसन असेल तर उणे २५ सेल्सियसला डोळे मरणारच, मग वेल खालून फुटतो नि नुसता पाला देतो. सॉमरसेट सीडलेस लावा नाहीतर इथल्या युनिव्हर्सिटीने १९४४ साली काढलेलं ब्लूबेल, त्याला बिया आहेत पण सप्टेंबरात वास काय सुटतो! युरिया वगैरे घालत असाल तर यंदा बंद करा, त्यानेही नुसता पालाच वाढतो.