मदत हवी आहे: शुक्रवारी कोयनेला निघायचंय आणि मागचं चाक रोज सकाळी बसलेलं असतं

हिप्परगा_फेरी (रविवार, रात्री 9.40)
घाईत आहे, म्हणून थेट विचारतो. येत्या शुक्रवारी पहाटे आम्ही दोघं सायकली गाडीवर टाकून साताऱ्याला निघतोय. कास, बामणोली आणि मग कोयनेच्या जंगलातल्या शांत वाटा, तीन दिवस. ही सुट्टी पुन्हा मिळणार नाही.
अडचण अशी की तीन आठवड्यांत मागचं चाक पाचदा पंक्चर झालं. काल संध्याकाळी पंक्चर काढून आणलं, टणक हवा भरली, सायकल भिंतीला टेकवून झोपलो. सकाळी बघतो तर रिम फरशीला टेकलेली. सगळे म्हणतात ट्यूबलेस करा, म्हणजे ट्यूब काढून टाका आणि टायरमध्ये भोक बुजवणारं पातळ सीलंट ओता. सोलापुरात ग्रॅव्हल सायकलचं (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांना चालणारी) ट्यूबलेस कोण करून देतं आणि सीलंट कुठं मिळेल, एवढंच सांगा. जंगलात पंप मारत बसायची माझी तयारी नाही.

बाळेकर (9.58)
टायरची साइज? आत्ता आत ट्यूब आहे का? हवा किती भरता? कुठल्या रस्त्याला चालवता? यातलं काहीच लिहिलं नाही तर कोण काय सांगणार?

हिप्परगा_फेरी (10.05)
ट्यूबच आहे, म्हणून तर ट्यूबलेस करायचंय. चालवतो आपल्या नेहमीच्या रस्त्यांना.

बाळेकर (10.07)
नेहमीचा म्हणजे कुठला, ओ? जुळे सोलापूरचा डांबरी का नान्नजकडचं माळरान?

तीन_पानी_सराटा (10.31)
माळरानच असणार, लिहून ठेवा. हे दिवसच सराट्याचे आहेत. पावसाळ्यात जमिनीला धरून पसरतो, पिवळी फुलं येतात, दिसायला नाजूक. पाऊस थांबला की वेल वाळतो आणि काटे सुटे होऊन वाटेवर पडतात. कसाही पडला तरी एक काटा वर. वर वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून शेताच्या कडेला टाकलेल्या असतात, त्यांचे काटे वेगळेच. मी दोन वर्षं ट्यूबच्या मागे लागून हात काळे केले. मग ट्यूबलेस केलं. आता काटा दिसला की उपटतो, चाक एकदा फिरवतो, पांढरा फेस येतो आणि बंद होतो. दुसरा उपाय नाही, विषय संपला.

रुंद_टायर (10.52)
मुळात ग्रॅव्हल सायकल घेऊन कोयनेला कशाला जायचं? तिकडं जांभ्याचे दगड आहेत, मुरमाचे उतार आहेत. पुढं सस्पेन्शन आणि सव्वादोन इंची टायर असलेली एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, भाड्यानं घ्या. माझं मनगट एका उतारावर इतकं दुखलं होतं की ब्रेक दाबता येईना.

हिप्परगा_फेरी (11.10)
एमटीबी घ्यायची नाही. आमच्या वाटेत निम्मा डांबरी चढ आहे. साइज 700 बाय 40, म्हणजे टायर 40 मिलिमीटर रुंद. सायकल मार्चमध्ये जुनी घेतली, आधीच्या मालकानं फारशी चालवली नव्हती. रोजचा रस्ता हिप्परगा तलावाकडून आत कच्च्यानं, रविवारी नान्नजच्या बाजूला. हवेचा दाब 75 पीएसआय ठेवतो. पंक्चर काढणाऱ्यानंच सांगितलं, हवा कडक ठेवा, काटा आत जात नाही.

जुना_मिस्त्री (सोमवार, सकाळी 6.20)
75 वाचून लिहायला बसलो. मी पस्तीस वर्षं सायकलीची चाकं बांधली, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून सोडलं. तुमच्या प्रश्नाला मी आज उत्तर देणार नाही. आधी माझ्या प्रश्नाला द्या.
पाच पंक्चर झाली ना? ती ट्यूबच्या कुठल्या बाजूला होती? टायरकडच्या बाहेरच्या बाजूला, की रिमकडच्या आतल्या बाजूला?
काटा असेल तर भोक बाहेरच्या बाजूला आणि एकच असतं. दगडावर चाक आपटून ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली तर शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. ते हवा कमी असल्यावर होतं. आणि भोक आतल्या बाजूला असेल तर काट्याला शिव्या देऊन उपयोग नाही, दोष रिममध्ये आहे.
ट्यूब काढायच्या आधी टायरवर खडूनं व्हॉल्व्हच्या समोर खूण करा. टायर कुठल्या बाजूनं बसलं होतं तेही लक्षात ठेवा. ट्यूब काढून थोडी फुगवा आणि घमेल्यातल्या पाण्यात हळूहळू फिरवा. लहान भोक असेल तर बुडबुडे सुईच्या टोकाएवढे, ओळीनं वर येतात. घाई केली तर दिसत नाहीत. सापडलं की व्हॉल्व्हपासून किती बोटं ते मोजा आणि तेवढ्याच अंतरावर टायर आणि रिम दोन्ही बघा. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, तुटलेला काटा राहिला असेल तर कापूस अडकतो. नुसतं बोट फिरवू नका, बोटात जातो.

तीन_पानी_सराटा (सोमवार, सकाळी 8.15)
काका, आदर ठेवून सांगतो, हे सगळं ट्यूबच्या जमान्यातलं झालं. ट्यूबच नसेल तर चिमटणार काय आणि फुटणार काय?

जुना_मिस्त्री (8.40)
आणि रिम ट्यूबलेसची नसेल तर? साध्या रिमवर टायरची कड घट्ट बसत नाही. सीलंट ओतून घरी हवा धरेलही, पण घाटाच्या वळणावर कड सुटली तर चाकाखाली नुसती रिम राहते. रिमवर काय छापलंय ते न बघता पोराला ट्यूबलेस कर म्हणणं मला पटत नाही. दुसरं, आपल्याकडच्या उन्हात सीलंट आटतं. तुम्ही मे महिन्यात किती वेळा घातलं?

तीन_पानी_सराटा (8.52)
उन्हाळ्यात दोन महिन्यांतून एकदा घालावं लागतं, हे खरं. पण तेवढं करायला काय जातं?

घाटमाथा (11.30)
मी पाटणचा. चाकाचं तुमचं तुम्ही बघा, पण "कोयनेच्या जंगलातल्या शांत वाटा" म्हणजे नक्की कुठल्या, ते आधी सांगा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांनासुद्धा बामणोलीला परवानगी काढून, लाँचनं शिवसागर जलाशय ओलांडून, पायी जावं लागतं. नकाशात एखादी पायवाट दिसली म्हणून सायकल आत घालू नका. गव्यांचा रस्ता आहे तो. संध्याकाळच्या वेळी वळणावर गवा उभा असला तर तुमचा ब्रेक आणि त्याचा अंदाज, दोन्ही चुकतात.
शांत वाटच हवी असेल तर साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्यांसाठी केलेले कच्चे रस्ते आहेत, मुरमाचे, तुमच्या 40 च्या टायरला अगदी योग्य. सकाळी धुकं असतं आणि पात्याचा आवाज डोक्यावर येईपर्यंत पवनचक्की दिसत नाही.

हिप्परगा_फेरी (11.48)
परवानगीचं खरंच माहीत नव्हतं. ठोसेघर लिहून घेतलं. कासच्या पठारावरून सायकल चालवता येईल ना?

घाटमाथा (12.10)
रस्त्यावरून, हो. सड्यावर, नाही. हे मी हात जोडून सांगतो. सडा म्हणजे जांभ्या खडकावर बोट-दोन बोट माती, काही ठिकाणी तेवढीही नाही. सीतेची आसवं म्हणतात ते निळं-जांभळं फूल नखाएवढं असतं. वरून एक टायर गेला की त्याची रेघ राहते आणि पुढच्या पावसात तिथून पाणी वाहून माती जाते. सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी याच पठारावर आहे. 2012 साली कास जागतिक वारशात गेलं, पण त्याच्या आधीपासून गावातली माणसं हे पठार सांभाळत आलीत.

रुंद_टायर (12.25)
पठाराला कुंपण घातलं ते आम्हाला कधीच आवडलं नाही. पूर्वी मोकळं होतं तेव्हा वेगळीच मजा होती.

घाटमाथा (12.31)
मोकळं होतं तेव्हा लोक फुलांवर सतरंज्या टाकून जेवायला बसायचे. मी बघितलंय.

छोटी_लाईन (दुपारी 2.05)
इतक्या लांब जायची गरजच नाही. येडशीला जा. रामलिंग घाट अभयारण्य आहे, बालाघाटचा डोंगर, दरीत महादेवाचं देऊळ. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत सकाळी निघून जेवायच्या वेळेला पोचता. मी रेल्वेत होतो. बार्शी लाईटची छोटी गाडी 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, पुढं लातूरपर्यंत गेली. अडीच फुटी रूळ. येडशीच्या आसपास ती इतकी हळू चालायची की माणसं उतरून चालत पुढं जायची आणि पुन्हा डब्यात चढायची. मोठी लाईन झाली तेव्हा ती धाराशिव शहरातून नेली आणि येडशीची जुनी लाईन गेली. रूळ नसलेल्या लाईनीसारखी वाट सायकलला दुसरी नाही, कारण रेल्वेचा चढ कधीच अंगावर येत नाही.

बाळेकर (2.20)
मालक, माहिती छान आहे, पण त्यांचं साताऱ्याचं ठरलंय. आणि येडशीही अभयारण्यच, तिथंही परवानगी लागणारच ना?

छोटी_लाईन (2.34)
देवळापर्यंतचा रस्ता रोज माणसं जातात तो. आत शिरा असं मी म्हटलेलं नाही.

कडक_भाकरी (4.45)
खाण्याचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. बाजारातले गोड बार घेऊन जाऊ नका, तिसऱ्या तासाला तोंडात फिरतात. कडक भाकरीचे तुकडे, शेंगा चटणी आणि गुळाचा खडा. भाकरी आठवडाभर टिकते, पिशवीत दाबली तरी फक्त मोडते, खराब होत नाही. चटणीला तेल घालून नेऊ नका, पिशवीला डाग पडतो. वर चढाला लागायच्या आधी मीठ-लिंबाचं पाणी. मी आणि माझ्या बहिणीनं तुळजापूरचा घाट असाच चढला.

हिप्परगा_फेरी (रात्री 8.15)
ताई, धन्यवाद, भाकरी नेणारच आहे. मिस्त्री काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. घमेलं आणलं, खडूनं खूण केली. भोक आतल्या बाजूला आहे. मग जुन्या ठिगळांकडे बघितलं. पाचपैकी चार आतल्याच बाजूला, एकच बाहेर. दुकानात पाच वेळा गेलो, पाचही वेळा त्यांनी ठिगळ लावून दिलं, पण कुठल्या बाजूला आहे हे एकदाही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
रिमवर आत एक काळी रबरी पट्टी आहे. ती एका बाजूला सरकलेली आहे आणि स्पोकच्या दोन भोकांची कड उघडी दिसते. बोटाला धार लागते. हेच का?

जुना_मिस्त्री (8.22)
हेच. सायकल उन्हात उभी करता का?

हिप्परगा_फेरी (8.25)
कामावर, होय. शेड नाही. दुपारभर उन्हात.

जुना_मिस्त्री (8.50)
मग सगळं जुळलं. उन्हानं रबराची पट्टी सैल होते आणि सरकते. भोक उघडं पडतं. तुम्ही 75 ची हवा भरता, तेवढ्या दाबानं ट्यूब त्या भोकात फुगा होऊन घुसते आणि कडेवर घासून फाटते. कडक हवेनं काटा थांबत नाही, उलट तुमचं हे भोक मोठं झालं. म्हणजे उपाय म्हणून जे करत होता तेच रोगाला वाढवत होतं.
कापडी रिम टेप आणा. रिमच्या खोबणीच्या रुंदीचीच घ्या, भोकं पूर्ण झाकली पाहिजेत, पण टायरची कड बसते तिथं टेप चढता कामा नये. जुनी पट्टी काढा, रिम स्पिरिटनं पुसा, व्हॉल्व्हच्या भोकाच्या समोरून सुरुवात करून ओढून लावा. तुमचं वजन किती?

हिप्परगा_फेरी (8.53)
72.

जुना_मिस्त्री (8.59)
तर मागं 45, पुढं 40. तिकडं काटे नाहीत, दगड आहेत, म्हणून याच्या फार खाली जाऊ नका, ट्यूब चिमटेल. दोन जादा ट्यूब बरोबर.

तीन_पानी_सराटा (9.10)
रिम टेप मिळाली नाही तर इन्सुलेशन टेप चार वेढे लावली तरी चालते.

जुना_मिस्त्री (9.14)
सोलापुरात नाही चालत. उन्हात तिचा डिंक पातळ होतो आणि ती रबरापेक्षा लवकर सरकते. हे मी गिऱ्हाइकाच्या चाकावर करून चुकलोय, म्हणून सांगतो.

तीन_पानी_सराटा (9.20)
बरं. तरी परत आल्यावर रिमवर काय छापलंय ते बघा. ट्यूबलेसची निघाली तर मी स्वतः येऊन करून देईन, नान्नजच्या वाटेला त्याशिवाय सुख नाही.

हिप्परगा_फेरी (गुरुवार, सकाळी 7.05)
नवी पेठेत कापडी टेप मिळाली, मंगळवारी रात्री लावली. बुधवारी पहाटे हिप्परग्याची पूर्ण फेरी कच्च्यानं मारली. येताना पुढच्या चाकात एक सराटा घुसला. बाहेरच्या बाजूला, एकच भोक, कापसाच्या बोळ्याला अडकला. रस्त्याच्या कडेला बसून दहा मिनिटांत मीच काढला. मागचं चाक काल रात्री 45 वर ठेवलं होतं, आज सकाळी पंप लावून बघितलं, 44.
बेत बदललाय. पहिला दिवस ठोसेघर आणि चाळकेवाडी, दुसरा कासच्या रस्त्यानं बामणोली, तिथं रात्री मुक्काम. आत जायचं नाही, पाणवठ्याच्या अलीकडंच राहायचं.
घाटमाथा, बामणोलीहून तापोळ्याला लाँचमध्ये सायकल टाकू देतात का?

घाटमाथा (7.40)
लाँचवाल्याशी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा, पेडल काढून ठेवलीत तर हो म्हणायला सोपं जातं. आणि चाळकेवाडीला सातच्या आत पोचा.